अकरा राशी

याकूब सारंगाची जुबेदा
दुपारच्या फेरीबोटीनं धोपाव्याहून दाभोळात आली
आणि माझ्या काउंटरवर तिनं डबा उपडा केला,
डेन्मार्कच्या बिस्किटांचा, कडा गंजलेला.
रायकर, बघा जरा. चांदी असेल तर.

चांदी नव्हती.
कसोटीवर घासलं, रेघ उठली ती राखेच्या रंगाची.
लोहचुंबक नुसतं जवळ नेलं
तर मेंढा उडी मारून चिकटला,
मागोमाग बैल, जुळी भावंडं, सिंह,
घागर घेतलेला तो माणूससुद्धा, पाणी न सांडता.
मोजली. अकरा भरली.
खेकडा नव्हता.
खाडीकाठच्या दुकानात बाकी सगळं, आणि खेकडाच नाही.

उलटं करून भिंग लावलं: दहा शिलिंग, सोमालीलँड.
हे कुठं आलं?
बर्बेरा बंदर, ती म्हणाली. अब्बा तिथून बकऱ्या भरायचे
जेद्द्यासाठी, हजच्या आधी. वर्षाला एक खेप तरी.
घरी आले की लुंगीला, उशीला,
रेडिओलासुद्धा बकरीचा वास.

त्या देशाला म्हणे झेंडा आहे, पोलीस आहेत,
पासपोर्टवर उठवायला शिक्का आहे.
फक्त दुसरा कुठला देश त्याला देश म्हणत नाही.
अब्बा म्हणायचे, लग्न लागलंय, नोंद व्हायची राहिलीय.
हे सांगताना ती हसली,
आणि हसता हसता थांबली.

माझ्या खणात गेलेली राज्यं पुष्कळ:
गोव्याचा पोर्तुगीज रुपया,
निजामाचे चार आणे,
एका राणीचं तोंड झिजून पावाच्या लादीसारखं झालेलं.
न आलेलं राज्य
मी पहिल्यांदाच हातात घेतलं. हलकं होतं.

आणि राशी कशाला पाडल्या असतील?
यांच्या हिशेबानं मी मकर, माझ्या पत्रिकेत वृषभ,
आणि यांच्यात तर कोणी पत्रिका मांडत नाही.
जुबेदा म्हणाली, बर्बेऱ्याच्या चहावाल्यानंही नाणं परत केलं होतं:
हे आमचं नव्हे, हे बाहेरच्यांच्या कपाटासाठी.
म्हणजे ज्यांनी मानलं नाही
त्यांनीच विकत घ्यायचं.

डब्याच्या तळाला कागद होता,
सिमेंटच्या पिशवीचा तुकडा, चौघडी.
उलगडला. बॉलपेननं गिरवलेलं लहान पाऊल,
अंगठ्यापाशी पेन घसरलेलं,
गुदगुल्या होऊन पोर हललं असणार.
खलाशी असंच माप नेतात चपलांसाठी.
तुझंच असेल, मी म्हटलं, लहानपणचं.
ती बराच वेळ बोलली नाही.
मग तिनं स्टुलावर बसून सँडल काढली.
हे उजवं पाऊल आहे, रायकर.
माझ्या उजव्या पायाला चार बोटं. जन्मापासून.

कागदावर पाच होती.
तिनं ती पुन्हा मोजली, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत,
बँकेतून निघताना नोटा मोजाव्यात तशी.
खेकडा म्हणजे कुठला महिना?
जून संपता संपता, जुलै.
मी काउंटरखाली बोटांवर नऊ महिने मागे गेलो
आणि मूठ मिटून घेतली.
बघण्याचा अधिकार डोळ्याला भिंग लावण्यापुरता.

बाहेर भोंगा झाला.
किती द्यायचे? काही नाही, वजनसुद्धा केलं नाही.
असं कसं, म्हणत तिनं एक मासोळ्यांचं नाणं
माझ्याकडे सरकवलं: चालवून घ्या.
दहा नाणी खडखडत डब्यात गेली.
कागद डब्यात गेला नाही. तो तिनं
छातीशी धरलेल्या पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला,
जिथं बायका रेशनकार्ड ठेवतात.

मीन मी खणात टाकणार होतो,
गेलेल्या राज्यांमध्ये.
टाकली नाही.
चुंबकाला अजून चिकटून आहे,
दोन मासे, एकमेकांच्या शेपटीकडे तोंड केलेले.
गिऱ्हाईक विचारतं, हे कुठलं?